दप्तराचे वजन आणि सातवीचा निबंध: पटवून देणारे लेखन शिकवण्याचे एक प्रकरण

सातवीच्या वर्गाला ‘मोबाइल: शाप की वरदान’ हा विषय दिला की काय लिहून येईल, हे मराठीच्या शिक्षकाला वही न उघडता सांगता येते. ‘आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे’ ही सुरुवात. मग फायद्यांचा परिच्छेद, मग तोट्यांचा परिच्छेद, आणि शेवटी ‘प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात, म्हणून मोबाइलचा वापर जपून केला पाहिजे.’ शुद्धलेखन बरे असेल तर दहापैकी सात गुण. या लेखनात कुणी कुणाला काहीही पटवून दिलेले नसते, कारण मोबाइल बेजबाबदारपणे वापरावा असे म्हणणारा माणूस मुळात अस्तित्वातच नाही.

इथे मांडलेले प्रकरण जिल्हा परिषदेच्या मराठी माध्यमाच्या शाळेतल्या सातवीचे आहे. पट ३८, तासिका ३५ मिनिटांची, मराठी आणि गणित शिकवणारे शिक्षक वेगळे. वर्ग प्रातिनिधिक आहे. अशा वर्गांत जे पुन्हा पुन्हा दिसते ते एका जागी आणले आहे, आणि वजनाचे आकडे नमुन्याचे असले तरी हिशेब जुळेल असे घेतले आहेत. उद्दिष्ट एकच: दोन आठवड्यांत, नऊ तासिकांत, प्रत्येक मुलाने २०० ते २५० शब्दांचा असा मजकूर लिहावा की तो वाचून एखाद्या खऱ्या माणसाला आपला निर्णय बदलावासा वाटेल.

विषय कसा निवडला

अर्धी लढाई विषयातच हरली जाते. ‘शाप की वरदान’ या साच्याचा दोष असा की तो मुलाला दोन्ही बाजूंची यादी करायला लावतो आणि मधोमध उभे राहण्याला शहाणपण ठरवतो. ‘झाडे लावा, झाडे जगवा’ यात तर विरोधी बाजूच नाही. ‘फाशीची शिक्षा असावी का’ यात बाजू दोन्ही आहेत, पण बारा वर्षांच्या मुलाला पुरावा कुठून मिळणार? तो गाइडमधून उतरवणार.

म्हणून विषय तीन प्रश्नांच्या चाळणीतून काढला. याचा निर्णय घेणारा माणूस किंवा समिती कोण? ‘नाही’ म्हणणारे कुणी आसपास खरोखर आहे का? आणि पुरावा मुलांना स्वतःच्या हातांनी दोन दिवसांत गोळा करता येईल का? ‘गणवेश असावा का’ पहिल्या दोन प्रश्नांत टिकला, तिसऱ्यात पडला, कारण त्यावर फक्त मते मिळतात. ‘शाळेत मोबाइल आणू द्यावा का’ यावर मुले तावातावाने बोलली, पण पुरावा म्हणून प्रत्येकाकडे शेजारच्या दादाची गोष्ट होती.

तिन्ही प्रश्नांत टिकला तो दप्तराचा विषय: ‘सातवीची पाठ्यपुस्तके शाळेतच ठेवू द्यावीत का?’ निर्णय घेणारी शाळा व्यवस्थापन समिती आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, म्हणजे निबंध वाचणाऱ्यांत वर्गातल्या काही मुलांचे आई-वडीलच बसलेले असतात. ‘नाही’ म्हणणारेही भरपूर आहेत. आणि पुरावा दप्तरातच आहे, तोलायचा तेवढा बाकी.

पहिली तासिका: जुन्या निबंधाची चिरफाड

मुलांनी आधी लिहिलेल्या मोबाइलच्या निबंधांतली दहा वाक्ये नावांशिवाय फळ्यावर घेतली. प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न: याला ‘नाही, चूक आहे’ म्हणणारा माणूस दाखवा. दहापैकी आठ वाक्यांना असा माणूस सापडला नाही, तेव्हा वर्गात हशा पिकला. ही तासिका सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत उपयोगी. पुढे कच्चा मसुदा वाचताना मुले हाच प्रश्न एकमेकांना विचारू लागतात.

इथेच नमुना म्हणून एका खऱ्या निवेदनाची ओळख करून दिली. १८८२ साली महात्मा फुल्यांनी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यांनी ‘शिक्षण महत्त्वाचे आहे’ एवढ्यावर भागवले नाही; प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे असे मागितले. कुणाकडे, काय, कुठल्या वयापर्यंत, हे सगळे त्या मागणीत आहे. ‘किमान बारा’ हा आकडा मुलांच्या लगेच लक्षात राहतो, कारण ती स्वतः त्याच वयाची असतात.

तोलणे आणि हिशेब

दुसरी तासिका वजनाची. सामान तोलायचा हुकाचा डिजिटल काटा असेल तर उत्तम. नसेल तर माणसाचे वजन करायचा काटा चालतो: मूल दप्तरासह उभे राहते, मग दप्तराविना, आणि फरक लिहिला जातो. मात्र हा काटा सुईचा असेल तर त्यावर अर्ध्या किलोपेक्षा बारीक वाचता येत नाही, आणि चार किलोच्या दप्तरात अर्धा किलो म्हणजे फार मोठी चूक. दुकानातला तराजू मागून आणणे परवडते.

सूचना देऊन वजन करू नये. आदल्या दिवशी सांगितले की काही मुले पुस्तके घरी ठेवून येतात आणि काही मुद्दाम शब्दकोश भरून आणतात.

मुलांच्या शरीराचे वजन वर्गात मोठ्याने वाचायचे नाही, ही खबरदारी सगळ्यांत महत्त्वाची. सातवीत काही मुली आणि काही मुलगे एकदम वाढलेले असतात, आणि एक आकडा वर्षभर टोपणनाव होऊन बसतो. प्रत्येकाने काट्यावरचा आकडा स्वतः पाहिला, बिननावाच्या चिठ्ठीवर शरीराचे आणि दप्तराचे वजन लिहिले, चिठ्ठी डब्यात टाकली. ज्याला काट्यावर उभे राहायचे नव्हते त्याने फक्त दप्तराचे वजन दिले.

दप्तर तोलताना चार भाग वेगळे काढले: रिकामे दप्तर, पाठ्यपुस्तके, वह्या, आणि डबा व भरलेली पाण्याची बाटली. हे केले नसते तर पुढचा सगळा वाद पोकळ झाला असता.

तिसरी तासिका गणिताच्या शिक्षकांनी घेतली. शेकडेवारीला यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे अवघड. हजर ३६ मुलांच्या दोन्ही आकड्यांच्या चिठ्ठ्या मिळाल्या. सरासरी शरीराचे वजन ३४ किलो, सरासरी दप्तर ४.३ किलो, म्हणजे शरीराच्या सुमारे १२.६ टक्के. दप्तर शरीराच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड नसावे, असे केंद्राचे २०२० चे शालेय दप्तर धोरण सांगते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्येच हे प्रमाण ठरवले होते. ३६ पैकी २७ दप्तरे त्या मर्यादेबाहेर निघाली. वर्गाला वाटले, जिंकलो.

मग भागांचा हिशेब आला. रिकामे दप्तर ०.६ किलो, पाठ्यपुस्तके १.०, वह्या १.३, डबा आणि बाटली १.४. ज्या पुस्तकांवर सगळा राग होता ती चौथ्या हिश्श्याहूनही कमी होती. एक लिटरची भरलेली बाटली एकटीच सगळ्या पुस्तकांएवढी जड होती.

या क्षणी बरेच शिक्षक गडबडतात आणि बाटलीचा आकडा बाजूला सारतात, कारण तो ठरलेल्या दाव्याच्या आड येतो. तसे करू नये. या प्रकरणातले सगळ्यांत मोलाचे शिक्षण याच आकड्यात होते: पुरावा आल्यावर दावा बदलावा लागतो. पुस्तके पूर्ण काढली तर सरासरी दप्तर ३.३ किलोवर, म्हणजे ९.७ टक्क्यांवर येते आणि मर्यादेत बसते. पण २८ किलोच्या मुलाला तेच ३.३ किलोचे दप्तर ११.८ टक्के पडते. शाळेत पिण्याचे स्वच्छ पाणी असेल आणि बाटली अर्ध्या लिटरची चालली, तर २.८ किलो, म्हणजे बरोबर १० टक्के. अशा रीतीने दावा ‘पुस्तके शाळेत ठेवू द्या’ वरून ‘पुस्तके शाळेत ठेवू द्या आणि पाण्याची सोय करा’ असा सरकला, आणि तो कुणी शिक्षकाने सांगितल्यामुळे सरकला नाही.

दावा, पुरावा, दुवा

चौथ्या तासिकेला तीन शब्द दिले. दावा म्हणजे काय हवे आहे. पुरावा म्हणजे तोललेले, मोजलेले किंवा कुणाला विचारून लिहिलेले. दुवा म्हणजे या पुराव्यावरून तो दावा का निघतो, हे सांगणारे वाक्य. पहिले दोन मुलांना अर्ध्या तासात कळतात. तिसऱ्यासाठी बाकी सगळे दिवस लागतात.

यात नवे काही नाही. न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या जुन्या परंपरेत, अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे, एवढे म्हणून भागत नाही. जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, हा मधला जोड उघड सांगावाच लागतो. मुले नेमका हा जोड गाळतात. त्यांना तो इतका उघड वाटतो की लिहायची गरजच भासत नाही.

कृती अशी: प्रत्येकाला कागदाच्या सहा पट्ट्या. एका पट्टीवर एकच पुरावा. जोडीदार प्रत्येक पट्टीवर दोनच प्रश्न विचारतो: ‘कशावरून?’ आणि ‘बरं, मग?’ पहिल्या प्रश्नाने पुरावा पक्का होतो, दुसऱ्याने दुवा बाहेर येतो. ‘दप्तर ४.३ किलोचे आहे.’ बरं, मग? ‘ते मर्यादेपेक्षा जास्त आहे.’ बरं, मग पुस्तकेच का काढायची, वह्या का नाहीत? इथे मूल थांबते, आणि ते थांबणेच हवे असते. उत्तर शोधायला गृहपाठाची वही उघडावी लागली. मागच्या सहा दिवसांत कुठल्या विषयाचे पुस्तक घरी किती वेळा लागले, हे मोजले. गणिताचे पाच वेळा, बाकी विषयांची एकेकदा किंवा एकदाही नाही. वह्यांत मात्र रोज काही ना काही लिहायचे होते. दुवा सापडला: जे रोज वाहून नेतो ते घरी उघडले जात नाही, म्हणून तेच शाळेत ठेवावे.

एक भाषिक चूक इथे हमखास दिसते. ‘दप्तर जड आहे कारण पाठ दुखते.’ मुलाला म्हणायचे असते नेमके उलट. ‘कारण’ आणि ‘त्यामुळे’ यांची अदलाबदल ही नुसती व्याकरणाची चूक समजून लाल रेघ मारली तर ती पुन्हा होते. दोन पट्ट्यांमध्ये बाण काढायला सांगितला, बाण कुठून कुठे जातो ते बोटाने दाखवायला लावले, की बहुतेकांची चूक जाते.

समोरच्याचे म्हणणे

‘काही लोक म्हणतात की पुस्तके घरी हवीत. पण ते चुकीचे आहे.’ विरोधी बाजू मांडा म्हटले की सातवीतले मूल हेच लिहिते. ‘काही लोक’ म्हणजे कुणी नाही. मुलाने कल्पनेतला एक दुबळा विरोधक उभा केलेला असतो, एका फटक्यात पडणारा.

उपाय कल्पनाशक्तीचा नाही, चालत जाण्याचा आहे. पाच-पाच मुलांच्या गटांनी मधल्या सुट्टीत खऱ्या माणसांना विचारले: गणिताच्या शिक्षकांना, समितीवरच्या एका पालक आईला, आणि वर्ग उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या शिपाईकाकांना. मिळालेले आक्षेप कुठल्याही मुलाला सुचले नसते. पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल येते, पुस्तकांना बुरशी धरेल. उंदीर आहेत. वडील रात्री अभ्यास घेतात, त्यांना पुस्तक समोर लागते. परीक्षेच्या आदल्या दिवशी कुलूप असेल तर? शिपाईकाकांचा ओलीचा आक्षेप तर निबंधातल्या सगळ्यांत चांगल्या परिच्छेदाचे कारण ठरला.

नियम असा ठेवला: विरोधकाचे म्हणणे दोन वाक्यांत असे लिहा की तो स्वतः वाचून ‘हो, मी हेच म्हणालो’ असे म्हणेल. मग त्यातले खरे असेल ते मान्य करा. मग उत्तर द्या. ही पूर्वपक्षाची, म्हणजे आधी विरोधकाचे म्हणणे मांडण्याची, जुनीच शिस्त. वाक्यरचनेसाठी फळ्यावर तीनच आधार: ‘ही अडचण खरी आहे, त्यासाठी...’, ‘असे असले तरी...’, ‘हे मान्य केले तर मात्र...’. यादी लांबवली की मुले सगळे आधार एकाच परिच्छेदात ओततात.

मान्य करण्याची किंमत असते, हेही मोजून दाखवले. गणिताचे पुस्तक रोज घरी लागते हा आक्षेप खरा निघाला. ते २०० ग्रॅमचे. ते घरी न्यायचे ठरले तर बचत १ किलोवरून ८०० ग्रॅमवर आली आणि सरासरी दप्तर ३.५ किलो, म्हणजे १०.३ टक्के, पुन्हा मर्यादेबाहेर. अर्ध्या लिटरची बाटली धरली तर ३ किलो आणि ८.८ टक्के. पाण्याची मागणी आधी शेपटासारखी जोडलेली होती. आता तिच्याशिवाय दावा उभाच राहत नव्हता.

‘सरकारनेही दप्तर हलके करून पाहिले होते’ असा पुरावा काहींनी आणला. २०२३-२४ पासून राज्यात दुसरी ते आठवीची पाठ्यपुस्तके भागांत विभागून, वहीची पाने जोडून दिली गेली, हे खरे. पण तो निर्णय पुढे मागे घेतला गेला, कारण मुले वेगळ्या वह्या आणतच राहिली. अर्धीच बातमी सांगणारा पुरावा समितीपुढे ठेवला आणि एखाद्या पालकाला उरलेली अर्धी माहीत असली, तर सगळ्या निबंधावरचा विश्वास जातो. एका मुलाने दोन्ही अर्धे लिहून ‘म्हणून वह्या कमी करण्यावर आम्ही भर दिलेला नाही’ असा दुवा जोडला. हे शिकवून येत नाही.

मसुदा

सहावी तासिका आराखड्याची, सातवी मसुद्याची. आराखडा एका पानाचा: वर दावा, मधे तीन पुरावे आणि त्यांचे दुवे, खाली समोरच्याचे म्हणणे आणि उत्तर. मसुदा एका आड एक ओळ सोडून, कागदाच्या एकाच बाजूला. नंतर कापून परिच्छेदांची जागा बदलता येते.

एका पहिल्या मसुद्यातला परिच्छेद:

‘आमची दप्तरे खूप जड असतात. त्यामुळे सर्व मुलांची पाठ दुखते. दप्तराच्या ओझ्याखाली बालपण चिरडले जात आहे. सरकारनेही दप्तर हलके असावे असे म्हटले आहे. मित्रांनो, आज आपण गप्प बसलो तर पुढची पिढी आपल्याला माफ करेल का?’

मोजलेले आकडे हाताशी असताना हे लिहिले गेले, हे लक्षात घ्यावे. लिहायला बसले की मूल सवयीच्या भाषेत परत जाते. ‘खूप’ म्हणजे किती ते नाही, ‘सर्व’ मुलांना कुणी विचारलेले नाही, तिसरे वाक्य कुठल्या तरी मथळ्याचे, आणि शेवटचे वक्तृत्व स्पर्धेतले. वक्तृत्व स्पर्धांनी मराठी मुलांच्या लेखनाचे जेवढे भले केले तेवढेच नुकसानही केले आहे. भाषणात टाळी मिळवणारे वाक्य कागदावर पुराव्याची जागा अडवून बसते.

दुसऱ्या मसुद्यात त्याच मुलीने लिहिले:

‘आमच्या वर्गातल्या ३६ जणांची दप्तरे आम्ही तोलली. सरासरी वजन ४ किलो ३०० ग्रॅम भरले. दप्तर आपल्या वजनाच्या दहाव्या भागाहून जड नसावे असे २०२० च्या धोरणात आहे, पण २७ जणांचे दप्तर त्याहून जड आहे. त्यात पुस्तके १ किलोची असतात. सहा दिवसांचा गृहपाठ पाहिला तर गणित सोडून बाकीची पुस्तके घरी एकदाच लागली किंवा लागलीच नाहीत. म्हणजे जे आम्ही रोज पाठीवर नेतो ते घरी दप्तरातच राहते. म्हणून गणित सोडून इतर पुस्तके वर्गात ठेवू द्यावीत. एवढ्याने सर्वांत कमी वजनाच्या मुलांना पुरणार नाही, म्हणून पाण्याचीही सोय हवी.’

‘सर्वांत कमी वजनाच्या मुलांना पुरणार नाही’ हे कबूल करणारे वाक्य समितीच्या दृष्टीने सगळ्यांत विश्वासार्ह ठरते. ते काढून टाकण्याचा सल्ला वर्गातल्या दोघा-तिघांनी दिला होता.

ओल आणि उंदरांचे उत्तर वेगवेगळे आले. पत्र्याची पेटी, भिंतीपासून हातभर लांब मांडणी, पावसाळ्याचे चार महिने वगळणे. वडिलांच्या अभ्यासाचे उत्तर बहुतेकांनी ‘पुस्तकाची पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर मिळते’ असे दिले. ज्यांच्या घरी एकच फोन आणि तोही बाहेर कामावर जातो त्यांनी ते वर्गातच खोडून काढले. त्यापेक्षा भक्कम उत्तर: आठवीपर्यंत पुस्तके मोफत मिळतात, गेल्या वर्षीच्या सातवीकडून जुनी पुस्तके परत घेऊन घरी ठेवायला दुसरा संच द्यावा, म्हणजे पुस्तक पेढी. अभ्यासक्रम बदललेल्या वर्षी हे चालणार नाही.

तपासणी

पहिल्या मसुद्यावर ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करू नये. केले की मुले दुरुस्त शब्द उतरवून ‘सुवाच्य प्रत’ काढतात आणि विचार जसाचा तसा राहतो. ३६ मसुदे, प्रत्येकी पाच मिनिटे धरली तरी तीन तास जातात. म्हणून प्रत्येक मसुद्यावर एकच प्रश्न लिहावा, बहुधा दुव्याविषयी. त्याआधी जोडीदाराने पेन्सिलीने दाव्याखाली दोन रेघा, पुराव्याखाली एक, आणि दुव्याभोवती चौकट काढायची. चौकटच नसलेला परिच्छेद मुलाला स्वतःच दिसतो. शुद्धलेखन नवव्या तासिकेला, अंतिम प्रतीवर.

गुण २० पैकी: दावा ३, पुरावा ५, दुवा ५, समोरचा पक्ष ४, रचना आणि भाषा ३. भाषेला तीनच गुण यावर पालक नाराज होऊ शकतात. ते तीनच ठेवावेत. नाहीतर घरी बोलीत बोलणारे मूल, ज्याने आक्षेपाचे सर्वांत नेमके उत्तर दिले, ते पुन्हा मागे पडते.

समितीकडे ३६ निबंध पाठवायचे नाहीत, कुणी वाचणार नाही. सर्वांत भक्कम परिच्छेद जोडून एक निवेदन, ‘मा. अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती’ असा मायना, दोन पानांत, सोबत वजनांचा एक तक्ता. ते मासिक बैठकीच्या आठवडाभर आधी मुख्याध्यापकांकडे द्यावे, म्हणजे विषयपत्रिकेत येते. निर्णय काय होईल यावर मुलांचे गुण अवलंबून नाहीत, हे आधीच सांगून ठेवावे.

दुसऱ्या फेरीत, सहा-आठ आठवड्यांनी, विषय मुलांनीच त्या तीन प्रश्नांतून निवडावा: मधल्या सुट्टीची वेळ, खेळाच्या तासिका, मुलींच्या स्वच्छतागृहाची सफाई. त्या वेळी आराखड्याचा कागद काढून घ्यावा, पट्ट्या काढून घ्याव्यात, वाक्यांचे आधार पुसावेत. चालत जाऊन विरोधकाला विचारणे मात्र काढू नये. ते काढले की ‘काही लोक म्हणतात’ त्याच आठवड्यात परत येते.